घरातले यंत्र, कायद्यातले काडतूस : भरणी-साहित्याच्या देखभालीचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

वापरलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साफ करायची, ठिणगी देणारी जळलेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी किंवा छर्रे बसवून तोंड बंद करायचे, हे काम अमेरिकेत अनेक जण घरच्या टेबलावर करतात. त्यासाठी हाताने दाबायचे प्रेस, साचे, दारूची मापे आणि तराजू बाजारात मिळतात. ही अवजारे नीट राखणे, झिजलेला भाग बदलणे आणि बिघाड घरीच दुरुस्त करणे हा तिथे त्या छंदाचाच भाग समजला जातो.

महाराष्ट्रात हा विषय इतक्या सरळ वाटेने येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात त्याच्याशी संबंध येऊ शकणारे लोक तीन प्रकारचे आहेत. पहिला, शेतसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी. दुसरा, नेमबाजीचा सराव करणारा खेळाडू. तिसरा, ज्याच्या घरी आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या काळातले काडतुसे भरण्याचे जुने साहित्य पडून आहे असा वारसदार. तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत, पण कायदा तिघांना एकाच व्याख्येखाली आणतो. म्हणून आधी इतिहास, मग तंत्र, मग कायदा आणि शेवटी मतभेद, या क्रमाने हा आढावा घेतला आहे.

ठासणीपासून काडतुसापर्यंत

दारूगोळ्याशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी सुमारे 55 टन वजनाची मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. त्या काळच्या तोफेत आणि बंदुकीत एक गोष्ट समान होती : दारू, गोळा आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी ऐन वेळी, शस्त्र चालवणाऱ्यालाच एकत्र आणाव्या लागत. ‘भरणे’ हे वेगळे काम नव्हते, ते शस्त्र चालवण्याचाच भाग होते.

ठासणीच्या बंदुकीने हीच पद्धत खेड्यापाड्यांत पुढे चालू ठेवली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा कागदाचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि मागे टोपी. विदर्भात हिला भरमार म्हणतात. कोकणातही शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. तिच्या मालकाला बार भरणे आणि बंदूक साफ करणे ही दोन्ही कामे आलीच पाहिजेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रुळले. टोपी, दारू आणि गोळी एकाच पुंगळीत आल्यामुळे भरण्याचे काम बंदुकीपासून सुटे झाले आणि कारखान्यात गेले. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा आहे. भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना 1964 चा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ ही कंपनी पुण्यातच आहे. म्हणजे काडतूस बनवण्याचे संघटित काम महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले आहे, पण ते सरकारी कुंपणाच्या आत.

कारखान्याबाहेरही एक प्रवाह होता. ब्रिटिश काळात शिकारी मंडळी बारा बोरची काडतुसे स्वतः भरत. टोपी काढण्या-बसवण्याचे हातयंत्र, दारूचे पितळी माप आणि काडतुसाचे तोंड दुमडण्याचे टेबलाला आवळायचे यंत्र, एवढा त्यांचा संच असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारीचे दिवस संपले आणि हा संच माळ्यावर गेला. छावणीच्या गावात, जुन्या इनामदारी घरात किंवा मोडीच्या बाजारात अशी वस्तू निघाली तर नवल नाही.

साहित्य आणि त्याची झीज

भरणी-साहित्याच्या देखभालीचे महत्त्व दारूच्या स्वभावातून येते. काळी दारू तुलनेने ढोबळ असते. ती मापाने, म्हणजे आकारमानाने, भरायची परंपरा आहे. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली आणि गणित बदलले. तिची ताकद जास्त, आणि प्रमाणातल्या लहानशा चुकीनेही नळीतला दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. ठासणीच्या बंदुकीत ही दारू चुकून गेली तर नळी फुटू शकते. त्यामुळे नव्या पद्धतीत तराजू आणि माप यांची अचूकता हा थेट जिवाचा प्रश्न झाला.

अनुभवी लोक देखभालीची कामे साधारण चार गटांत मांडतात. पहिला गट प्रेसचा. जळलेल्या टोप्यांतून खरखरीत राख पडते. ती दांडा आणि त्याच्या नळीच्या फटीत जाऊन पॉलिश कागदासारखी धातू घासत राहते. ती पुसणे, खिळींना ग्रीस देणे आणि दांडा डुगडुगतो का ते पाहणे हे नेहमीचे काम. एका दाबात एकच क्रिया करणारा साधा लोखंडी प्रेस फारसा बिघडत नाही. एकामागून एक क्रिया आपोआप करणाऱ्या फिरत्या चकतीच्या प्रेसमध्ये मात्र चकतीची जागा किंचित हलली तरी एखाद्या पुंगळीत दारू पडतच नाही, किंवा दोनदा पडते. दोन्ही प्रकार घातक.

दुसरा गट साच्यांचा. साचा गंजला किंवा त्यात कचरा अडकला तर पुंगळीवर ओरखडे उठतात. टोपी काढणारी सुई मोडते ती बहुधा पुंगळीच्या प्रकारामुळे. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला तळाशी मधोमध एकच भोक असते, त्यात सुई सरळ जाते. बर्डन पद्धतीत बाजूला दोन बारीक भोके असतात आणि सुई मधल्या धातूवर आपटते. यंत्र नादुरुस्त आहे असे वाटते, दोष असतो पुंगळी न ओळखण्यात.

तिसरा गट तराजूचा. दांडीच्या तराजूच्या धारेवर धूळ बसली की काटा अडखळतो. इलेक्ट्रॉनिक तराजू तापमान, वाऱ्याची झुळूक आणि उतरलेली बॅटरी यांमुळे वाहवत जातो. दोन्हींवर उपाय एकच : प्रत्येक बैठकीच्या आधी प्रमाणित वजन ठेवून खात्री करणे. चौथा गट स्वच्छतेचा. टोप्यांच्या राखेत शिशाचा अंश असतो. ती कोरड्या झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, आणि हे साहित्य स्वयंपाकघरातल्या भांड्यांबरोबर धुवायचे नाही. मापाच्या डब्यात दारू रात्रभर ठेवायची नाही. ती प्लास्टिकला डागाळते आणि दुसऱ्या दिवशी आत कोणती दारू आहे याचा घोळ होतो.

हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. या एका जिल्ह्यात भंडारदरा-घाटघरची अतिवृष्टी आहे आणि पाथर्डी-जामखेडचा कोरडा पट्टाही आहे. अकोले तालुक्याच्या पावसाळी हवेत उघड्या लोखंडाला लगेच गंज धरतो. पूर्व भागातल्या हिवाळ्याच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या डब्यात स्थिर विद्युतभार साठून दारूचे कण भिंतीला चिकटतात आणि माप चुकते. ठासणीच्या बंदुकीचे दुखणे आणखी वेगळे. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, त्यामुळे बार काढल्यावर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेल लावले नाही तर नळी आतून खात जाते. सर्वांत मोठा धोका म्हणजे भरून ठेवलेला आणि विसरलेला बार.

कायदा काय म्हणतो

आता मूळ गाठ. 1878 च्या ब्रिटिश कायद्याची जागा शस्त्र अधिनियम, 1959 ने घेतली. त्यातल्या कलम 2 मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. तीत काडतुसाबरोबर काडतुसाचे भाग येतात, आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे टेबलावरचा प्रेस हा या व्याख्येच्या अक्षरानुसार स्वतःच ‘दारूगोळा’ ठरतो, मग त्यात दारूचा कणही नसला तरी.

कलम 3 नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बाळगायला परवाना लागतो. कलम 5 त्याच्या पुढे जाते. शस्त्र किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, त्याची दुरुस्ती करणे किंवा चाचणी घेणे यासाठी स्वतंत्र परवाना हवा. दोन्ही कलमे एकत्र वाचली की घरच्या प्रेसची दुरुस्ती थेट कलम 5 च्या टप्प्यात येऊ शकते. बंदूक बाळगण्याचा साधा परवाना यासाठी पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडणाऱ्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. आधी ही मर्यादा तीन ते सात वर्षे होती. दारूचा साठा हा आणखी वेगळा विषय. त्याला स्फोटक अधिनियम, 1884 आणि 2008 चे नियम लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

कायद्यात सवलतीच्या जागाही आहेत. कलम 45 नुसार, पूरक भागांसह वापरायचा हेतू नसलेले किरकोळ सुटे भाग बाळगणे अधिनियमाबाहेर राहते. दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा जुन्यापुराण्या शस्त्रालाही सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे स्पष्ट केले. 2020 मध्ये केंद्राने कुतूहलाची वस्तू म्हणून जपलेली लहान शस्त्रे बाळगण्यासाठीची परवान्याची अट काढली, मात्र ती वापरायला किंवा नेआण करायला परवाना लागतोच. या सवलतींचा रोख शस्त्रावर किंवा सुट्या भागांवर आहे. काडतुसाचे तोंड दुमडण्याचे आजोबांचे यंत्र त्यांत बसते का, हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहते.

गरज खरोखर कोणाची

भूमिका समजून घेण्याआधी मागणी किती खरी आहे हे पाहायला हवे. महाराष्ट्राच्या नेमबाजीची कीर्ती रायफल आणि पिस्तुलावर उभी आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिचला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवले. या तिघांच्या प्रकारांत लागते ते .22 चे काडतूस. त्याची टोपी वेगळी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते व्यवहारात पुन्हा भरता येत नाही. हवाई रायफलला तर दारूच लागत नाही. म्हणजे खेळातली भरणीची गरज उडत्या चकत्यांवर नेम धरण्याच्या ट्रॅप-स्कीट प्रकारांची बारा बोर आणि .32 सारखी मधोमध टोपी असलेली काडतुसे एवढ्यापुरती उरते. या नेमबाजांसाठी सरकारने 2020 मध्ये वार्षिक काडतुसांची मर्यादा वाढवली, म्हणजे टंचाईला उत्तर पुरवठ्याच्या बाजूने दिले.

शेतकऱ्याचे चित्र वेगळे आहे. रानडुकरे ऊस, मका, भुईमुगाची नासाडी करतात. 2015 मध्ये राज्याने पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही मारण्याच्या परवानगीची वाट मोकळी केली, तरी परवानगी लागतेच. कर्जतच्या रेहेकुरी अभयारण्यातले काळवीट शेतात आले किंवा संगमनेर-राहुरीच्या उसात बिबट्या दिसला तर बंदुकीला कायद्याने जवळजवळ जागा नाही. बहुतेक वेळा बार हवेत काढायचा असतो. अशा मालकाला वर्षाकाठी मोजकी काडतुसे पुरतात, त्यासाठी प्रेस घेणे परवडत नाही. त्याची अडचण दुरुस्तीची आहे : जुन्या बंदुकीचा घोडा अडकला तर परवानाधारक कारागीर जवळ मिळत नाही.

वारसदाराला तर काही भरायचेच नसते. वस्तू गंजू नये आणि आपण गुन्ह्यात सापडू नये, एवढेच त्याला हवे असते.

तीन भूमिका

पहिली भूमिका मालकाच्या बाजूची. यंत्र ज्याच्या हातात रोज असते त्यालाच त्याची कुरकुर आधी कळते. तेल, ग्रीस, स्क्रू आवळणे, झिजलेली खीळ बदलणे ही कामे बाहेर पाठवायची म्हटले की ती टळतात, आणि टळलेल्या देखभालीतूनच अपघात होतो. परदेशात या मताला उत्पादकांचा पाठिंबा आहे. 1943 मध्ये सुरू झालेल्या आरसीबीएससारख्या आणि डिलनसारख्या कंपन्या ग्राहकाला सुटे भाग पाठवतात आणि ते घरी बसवण्याच्या सूचना देतात.

दुसरी भूमिका जाणकार कारागिरांची. साफसफाई मालकाने करावी, पण दांडा आणि साचा एका रेषेत आहेत का, तराजू खरा आहे का, चकती नेमकी कुठे थांबते, हे तपासायला सरावलेला हात आणि मापयंत्रे लागतात. शिलाई मशीनला घरी तेल घालणे वेगळे आणि तिचा टायमिंग लावणे वेगळे, तसाच हा फरक आहे. घरी घडवलेले किंवा त्रिमितीय छपाईने काढलेले भाग दाबाखाली किती टिकतील याची हमी कोणी देत नाही, असा त्यांचा आक्षेप.

तिसरी भूमिका प्रशासनाची. कारखान्यातून निघालेले काडतूस विक्रेत्याच्या आणि परवान्याच्या नोंदीत उतरते, घरात भरलेले उतरत नाही. काही राज्यांत नवी काडतुसे देताना रिकाम्या पुंगळ्या परत मागतात, त्यामागे हाच विचार आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मध्य प्रदेशच्या सीमेवरचे उमर्टी हे गाव त्या धंद्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अशा भागात यंत्रे घरोघरी पसरू देणे प्रशासनाला जोखमीचे वाटते. यावर पहिल्या भूमिकेच्या समर्थकांचे उत्तर असे की अवैध धंदा परवान्याची वाट पाहत नाही, कडक नियमांचा भार नोंद असलेल्या माणसावरच पडतो. प्रशासनाचे प्रत्युत्तर असे की परवानाधारकाच्या घरून चोरीला गेलेले यंत्रही शेवटी त्याच धंद्यात पोहोचू शकते.

बाहेरची उदाहरणे

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. ब्रिटनने 2006 च्या कायद्याने यंत्र मोकळे ठेवले, पण टोप्यांची विक्री हक्क सिद्ध करणाऱ्यालाच करण्याचे बंधन घातले. जर्मनीत स्फोटक कायद्याच्या कलम 27 खाली परवानगी घ्यावी लागते आणि त्याआधी भरणीचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते. तिघांनी नियंत्रणाची जागा वेगवेगळी निवडली : अमेरिकेने विक्रीवर, ब्रिटनने टोपीवर, जर्मनीने माणसाच्या शिक्षणावर. भारताने व्याख्येतच यंत्राला दारूगोळ्यात बसवले आणि नियंत्रण सर्वांत आधीच्या पायरीवर आणले. मात्र शिक्षणाचे तत्त्व आपल्याकडेही अनोळखी नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहेच.

काय ठरले, काय उरले

काही मुद्द्यांवर एकमत दिसते. परवान्याशिवाय घरी काडतूस भरणे गुन्हा आहे, याबद्दल कोणाची शंका नाही. झिजलेले यंत्र आणि खोटा तराजू धोकादायक आहे, हेही तिन्ही बाजूंना मान्य आहे. बंदुकीची रोजची साफसफाई मालकानेच करावी, यावरही वाद नाही.

उरलेले प्रश्न चार. पहिला, साफसफाई कुठे संपते आणि कलम 5 ची दुरुस्ती कुठे सुरू होते? तेल घालणे नक्कीच दुरुस्ती नव्हे, मोडलेला दांडा बदलणे नक्कीच आहे. सुई बदलणे या दोन टोकांच्या मधे पडते. दुसरा, शिकारीच्या काळातल्या जुन्या साहित्याचा दर्जा काय? शस्त्रांना मिळालेली कुतूहलाच्या वस्तूची सवलत या अवजारांनाही स्पष्ट शब्दांत मिळाली, तर वारसदाराचा प्रश्न बराचसा सुटेल. तोवर अशा वस्तूची माहिती स्वतःहून जिल्हाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेला लेखी देऊन पोच घेणे हाच सुरक्षित मार्ग. तिसरा, ट्रॅप-स्कीटच्या खेळाडूंसाठी भरणी घरी न ठेवता मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थेत, कुलुपात, नोंदवहीसह ठेवता येईल का? हा मधला मार्ग नोंदीची आणि सरावलेल्या हाताची, अशा दोन्ही मागण्या पुऱ्या करतो, पण जबाबदारी संस्थेवर टाकतो. चौथा, शेतकऱ्याच्या जुन्या बंदुकीसाठी तालुक्याच्या आवाक्यात परवानाधारक दुरुस्तीची सोय कशी उभी राहील?

या चारांपैकी चौथ्याचा थेट संबंध भरणी-साहित्याशी नाही, तरी जिल्ह्याच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. घरी काडतूस भरू द्यावे की नाही हा वाद महाराष्ट्रात थोड्या खेळाडूंपुरता राहील. कारागीर हाताशी नसल्यामुळे बिघडलेली बंदूक स्वतःच उघडून बसणारा शेतकरी मात्र नकळत कलम 5 च्या कक्षेत जातो आणि जीवही धोक्यात घालतो. त्यामुळे आधी दुरुस्तीची परवानाधारक सोय, मग देखभाल आणि दुरुस्ती यांतली स्पष्ट रेषा, त्यानंतर जुन्या साहित्याची सवलत आणि शेवटी नेमबाजी संस्थेतली भरणी, या क्रमाने प्रश्न हाताळले तर प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीसाठी लागणारा अनुभव हाती येत जाईल.